मतं पंधरा कोटी, निर्णय ५३८ जणांचा

अमेरिकेचा अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडावा की इलेक्टोरल कॉलेजमार्फत, म्हणजे राज्याराज्यांतून नेमलेल्या ‘इलेक्टर’ नावाच्या ५३८ जणांच्या मतांनी, हा वाद दर चार वर्षांनी नोव्हेंबरात पेटतो आणि शपथविधी उरकला की विझतो. २००० साली अल गोर यांना देशभरात जॉर्ज बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४४ हजार मतं जास्त पडली आणि ते हरले. २०१६ साली हिलरी क्लिंटन यांना डोनाल्ड ट्रम्प यांच्यापेक्षा सुमारे २८ लाख ७० हजार मतं जास्त पडली आणि त्या हरल्या. १८७६ आणि १८८८ मध्येही असंच घडलं होतं.

माझं मत आधीच सांगायला हवं. अध्यक्ष थेट मतांनीच निवडला जावा. मात्र या बाजूने बोलणारे पुष्कळ लोक चुकीच्या जागी बोट ठेवतात, आणि देशभरची मतं मोजायची, तपासायची आणि वाद झाला तर पुन्हा मोजायची कोणी, हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही. त्या प्रश्नाचं उत्तर तयार नसताना पद्धत बदलली तर फ्लोरिडात २००० साली झालेला फेरमोजणीचा गोंधळ पन्नास ठिकाणी एकाच वेळी होईल.

यंत्रणा कशी चालते ते आधी पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. इलेक्टर एकूण ५३८. काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागांइतके, सिनेटच्या १०० जागांइतके, आणि १९६१ च्या २३ व्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टन डी. सी.ला दिलेले ३. बहुमताचा आकडा २७०. राज्याचे जितके प्रतिनिधी असतील त्यांत दोन सिनेटर मिळवले की त्या राज्याचे इलेक्टर निघतात, म्हणून सर्वांत छोट्या राज्यालाही किमान ३ मिळतात. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाकडे ५४, टेक्सासकडे ४०, फ्लोरिडाकडे ३० आणि न्यूयॉर्ककडे २८ आहेत. न्यूयॉर्कची एक जागा त्या जनगणनेत गेली, तीही केवळ ८९ माणसं कमी भरली म्हणून. गणनेच्या अर्जाला उत्तर न देणाऱ्या एका इमारतीइतकी ही संख्या.

नोव्हेंबरात मतदार उमेदवाराच्या नावापुढे खूण करतो तेव्हा कायद्याच्या दृष्टीने तो त्या पक्षाच्या इलेक्टरांच्या यादीला मत देत असतो. बहुतेक राज्यांत या इलेक्टरांची नावं मतपत्रिकेवर छापतही नाहीत. मोजणी झाली की राज्याचा गव्हर्नर निवडून आलेल्या इलेक्टरांचं प्रमाणपत्र काढतो. राज्याच्या कायद्याने हे काम दुसऱ्या कोणाकडे दिलं असेल तर तो काढतो. इलेक्टर डिसेंबरच्या दुसऱ्या बुधवारनंतरच्या मंगळवारी जमतात आणि प्रमाणपत्र त्याच्या किमान सहा दिवस आधी निघालेलं असावं लागतं. २०२४ मध्ये ही बैठक १७ डिसेंबरला झाली. हे ५३८ जण कधीच एकत्र येत नाहीत. प्रत्येक राज्याचे इलेक्टर आपापल्या राज्यात जमतात, अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांच्यासाठी वेगवेगळं मत देतात आणि मतांच्या सहा प्रतींवर सह्या करतात. एक प्रत सिनेटच्या अध्यक्षाला, म्हणजे देशाच्या उपाध्यक्षाला जाते, दोन राष्ट्रीय अभिलेखागाराला, दोन राज्याच्या निवडणूक प्रमुखाकडे आणि एक स्थानिक संघराज्य न्यायाधीशाकडे. ६ जानेवारीला काँग्रेसच्या संयुक्त बैठकीत पाकिटं उघडून बेरीज होते.

इलेक्टर हे शहाणेसुरते, स्वतंत्र बुद्धीचे लोक असतील आणि अयोग्य माणसाला अडवतील, ही घटना घडवणाऱ्यांपैकी एक अलेक्झांडर हॅमिल्टन यांची कल्पना होती. ती आज उरलेली नाही. २०१६ मध्ये सात इलेक्टरांनी आपल्या उमेदवाराला सोडून दुसऱ्याच कोणाला तरी मत दिलं. त्यानंतर जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की दिलेला शब्द पाळायची सक्ती राज्य इलेक्टरावर करू शकतं आणि मोडला तर दंडही करू शकतं. म्हणजे इलेक्टर आता टपाल पोचवणारा आहे. तेव्हा ‘इलेक्टोरल कॉलेज हे लोकांच्या लाटेवरचं धरण आहे’ हा युक्तिवाद जिथे दिसेल तिथे तो बाजूला ठेवायला हरकत नाही.

आता मूळ मुद्दा. ज्याला राज्यात एका मताने जास्त मिळालं त्याला राज्याचे सगळे इलेक्टर, हा नियम राज्यघटनेत नाही. घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात एवढंच आहे की राज्याचं विधिमंडळ ठरवेल त्या रीतीने इलेक्टर नेमावेत. सुरुवातीला रीती अनेक होत्या. कुठे विधिमंडळच इलेक्टर निवडायचं, कुठे मतदारसंघनिहाय निवडणूक व्हायची, कुठे संपूर्ण राज्य एक धरायचे. १८०० साली व्हर्जिनियाने मतदारसंघांची रीत टाकून सगळे इलेक्टर एकगठ्ठा द्यायचं ठरवलं, कारण त्यात तिथले उमेदवार थॉमस जेफरसन यांचा फायदा होता. एकाने केलं की दुसऱ्याला गप्प बसणं परवडत नाही, कारण आपली मतं विभागली जातात आणि शेजाऱ्याची एकगठ्ठा पडतात. १८३६ पर्यंत दक्षिण कॅरोलिना सोडून सगळी राज्यं याच वाटेने गेली. दक्षिण कॅरोलिनात तर १८६० पर्यंत विधिमंडळच इलेक्टर निवडत होतं. घटनेचे एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन यांनी १८२३ साली जॉर्ज हे यांना पाठवलेल्या पत्रात लिहिलं आहे की घटना घडवताना बहुतेकांच्या मनात मतदारसंघांची रीत होती. त्यामुळे ‘राष्ट्रनिर्मात्यांनी असं ठरवलं होतं’ हे वाक्य आजच्या पद्धतीला लागू पडत नाही. ती पक्षांच्या चढाओढीतून आली आहे.

आज फक्त मेन आणि नेब्रास्का वेगळे आहेत. मेन १९७२ पासून आणि नेब्रास्का १९९२ पासून, दोन इलेक्टर राज्यभरच्या विजेत्याला आणि उरलेले एकेका मतदारसंघाच्या विजेत्याला देतात. ओमाहा शहराभोवतीच्या नेब्रास्काच्या दुसऱ्या मतदारसंघाने २००८, २०२० आणि २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक उमेदवाराला एक इलेक्टर दिला. मेनच्या दुसऱ्या मतदारसंघाने २०१६ पासून तिन्ही वेळा ट्रम्प यांना दिला.

‘छोट्या राज्यांना जादा वजन मिळतं, तिथेच खरा अन्याय आहे’ असं सर्रास म्हणतात. वजन जादा आहे हे खरं. वायोमिंगची लोकसंख्या ५ लाख ७७ हजार आणि इलेक्टर ३, म्हणजे एका इलेक्टरमागे सुमारे १ लाख ९२ हजार माणसं. कॅलिफोर्नियात ३ कोटी ९५ लाखांमागे ५४, म्हणजे एकामागे सुमारे ७ लाख ३२ हजार. जवळजवळ चौपट फरक. पण यामुळेच निकाल उलटतो का, हे आकडेमोड करून पाहता येतं. प्रत्येक राज्याच्या हिशेबातून सिनेटरांचे दोन इलेक्टर वजा करा. २००० मध्ये बुश यांनी ३० राज्यं जिंकली होती, तेव्हा त्यांचे २७१ वजा ६० म्हणजे २११ उरतात. गोर यांची २० राज्यं आणि राजधानी धरून २६७ वजा ४२ म्हणजे २२५. निकाल फिरतो. आता तेच २०१६ ला लावा. ट्रम्प यांचे निवडून आलेले ३०६ वजा ६० म्हणजे २४६, क्लिंटन यांचे २३२ वजा ४२ म्हणजे १९०. निकाल जरासुद्धा हलत नाही.

या साध्या वजाबाकीत सगळा वाद उलगडतो. शिवाय ३ इलेक्टरवाली ठिकाणं एकाच रंगाची नाहीत. वायोमिंग, अलास्का आणि दोन्ही डाकोटा रिपब्लिकन. व्हर्मॉंट, डेलावेअर आणि राजधानी डेमोक्रॅटिक. मोठी विकृती येते ती ‘विजेत्याला सगळं’ या नियमामुळे. २०१६ मध्ये क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया ४० लाखांहून जास्त मतांनी जिंकलं, पण पहिल्या एका जादा मतानंतरची सगळी आघाडी हिशेबात शून्य होती. त्याच दिवशी मिशिगन १०,७०४, विस्कॉन्सिन २२,७४८ आणि पेनसिल्व्हेनिया ४४,२९२ मतांनी ट्रम्प यांच्याकडे गेलं. तीन राज्यं, मिळून ७८ हजारांहून कमी मतं, आणि ४६ इलेक्टर.

हे एकाच पक्षाच्या सोयीचं आहे असंही समजू नये. २००४ मध्ये बुश देशभरात सुमारे ३० लाख मतांनी पुढे होते, पण ओहायोत त्यांची आघाडी सव्वा लाखाच्या आतच होती. ओहायो गेलं असतं तर जॉन केरी ३० लाख मतांनी मागे राहूनही अध्यक्ष झाले असते. २०२० मध्ये जो बायडेन ७० लाख मतांनी पुढे होते, तरी जॉर्जिया (११,७७९), ॲरिझोना (१०,४५७) आणि विस्कॉन्सिन (२०,६८२) ही तीन राज्यं फिरली असती तर दोघांकडे २६९-२६९ झाले असते. सत्तर लाखांची आघाडी प्रत्यक्षात त्रेचाळीस हजारांवर टेकलेली होती.

बरोबरी झाली किंवा कोणालाच २७० मिळाले नाहीत तर निवड प्रतिनिधिगृहाकडे जाते, पहिल्या तिघांतून. तिथे प्रत्येक प्रतिनिधीला नाही, प्रत्येक राज्याला एक मत असतं. २६ राज्यं मिळवणारा जिंकतो. वायोमिंगला एक आणि लोकसंख्येने अडुसष्ट पट असलेल्या कॅलिफोर्नियालाही एक. राजधानीतल्या लोकांना तर यात मतच नाही. राज्याचे प्रतिनिधी निम्मे-निम्मे विभागले गेले तर त्या राज्याचं मत वाया जातं. १८२४ मध्ये अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडे ९९ आणि जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्याकडे ८४ इलेक्टर होते, बहुमताला १३१ हवे होते. प्रतिनिधिगृहात २४ पैकी १३ राज्यांनी ॲडम्स यांना निवडलं. या निवडणुकीला ‘लोकमत डावलल्याचं पहिलं उदाहरण’ म्हणतात, तेव्हा एक गोष्ट सांगायची राहते. तेव्हा सहा राज्यांत लोकांनी मतदान केलंच नव्हतं, इलेक्टर विधिमंडळांनी नेमले होते. त्यामुळे त्या वर्षीच्या एकूण मतांची तुलना अर्धवट आहे. मी तरी हे उदाहरण २०१६ च्या रांगेत बसवत नाही.

छोट्या राज्यांचं रक्षण होतं, हा इलेक्टोरल कॉलेजच्या बाजूचा सर्वांत लोकप्रिय मुद्दा. प्रचाराचा नकाशा पाहिला तर तो टिकत नाही. २०२४ मध्ये दोन्ही बाजूंचा जीव सात राज्यांत अडकला होता: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना आणि नेवाडा. मिळून ९३ इलेक्टर. यांतलं नेवाडा सोडलं तर लहान कोणीच नाही. वायोमिंग, व्हर्मॉंट, डेलावेअर, नॉर्थ डाकोटा यांच्याकडे कोण फिरकतं? निकाल आधीच ठरलेला असतो म्हणून तिथे सभा नाहीत, जाहिराती नाहीत, आश्वासनंही नाहीत. लक्ष मिळतं ते काठावरच्या राज्यांना, आणि राज्य काठावर असणं हा त्या-त्या दशकातल्या वस्तीचा योगायोग आहे. फ्लोरिडा आणि ओहायो वीस वर्षांपूर्वी सगळ्यांच्या तोंडी होते. आज तिथे शांतता आहे.

‘थेट निवडणूक झाली तर मोठी शहरंच अध्यक्ष ठरवतील’ हा दुसरा मुद्दा. २०२० च्या जनगणनेत न्यूयॉर्क शहराची लोकसंख्या ८८ लाख, देशाची ३३ कोटी १४ लाख. शहर देशाच्या ३ टक्क्यांहूनही कमी. सर्वांत मोठी दहा शहरं एकत्र केली तरी सुमारे २ कोटी ६१ लाख होतात, म्हणजे ८ टक्क्यांच्या आत. आणि शहरंही एकगठ्ठा मत देत नाहीत. उलट आजच्या पद्धतीत सर्वांत मोठी १२ राज्यं कशीबशी जिंकली की उरलेली ३८ सोडून देता येतात. थेट मतांत ‘कशीबशी’ पुरत नाही.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त सलतं ते हे की सुरक्षित राज्यातला अल्पमतातला मतदार पुसला जातो. २०२० मध्ये ट्रम्प यांना सर्वांत जास्त मतं कोणत्या राज्यात पडली? टेक्सासमध्ये नाही, कॅलिफोर्नियात. साठ लाखांहून जास्त. टेक्सासमध्ये ५९ लाखांच्या आत. त्या साठ लाखांतून एकही इलेक्टर निघाला नाही. तसंच टेक्सासमधल्या बायडेन यांच्या ५२ लाखांवर मतदारांचं झालं. कॅलिफोर्नियाचा नकाशा डेमोक्रॅटिक निळा आणि टेक्सासचा रिपब्लिकन लाल रंगवला की हे एक कोटी बारा लाखांवर लोक दिसेनासे होतात, आणि मग ‘कॅलिफोर्निया देशावर राज्य करेल’ अशी भीती घालायला सोपं जातं.

पद्धतीच्या जन्माबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. १७८७ च्या फिलाडेल्फियातल्या घटना परिषदेत पेनसिल्व्हेनियाचे जेम्स विल्सन थेट निवडणुकीच्या बाजूने होते. मॅडिसन यांनी १९ जुलैला मान्य केलं की लोकांनी निवडणं हेच सर्वांत योग्य, पण अडचणही सांगितली: मताचा हक्क उत्तरेत जास्त पसरलेला आहे आणि दक्षिणेला आपल्या गुलामांच्या संख्येचा काहीच उपयोग होणार नाही. प्रतिनिधिगृहाच्या जागा मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची, ही तडजोड आधीच झाली होती. इलेक्टरांची संख्या त्या जागांना जोडल्यामुळे मत नसलेल्या माणसांच्या बळावर त्यांच्या मालकांची राज्यं वजनदार झाली. हे एकमेव कारण नव्हतं. अध्यक्ष काँग्रेसने निवडला तर तो तिचा मिंधा होईल, आणि विखुरलेल्या देशात लोकांना दूरच्या उमेदवारांची माहिती नसेल, या चिंताही खऱ्या होत्या. पण गुलामगिरीचा मुद्दा नंतर कोणीतरी चिकटवलेला नाही, तो परिषदेच्या टिपणांत आहे.

आता दुसऱ्या बाजूचा जो मुद्दा मला खरोखर जड वाटतो त्याकडे. इलेक्टोरल कॉलेज भांडण एका राज्यात कोंडून ठेवतं. २००० साली बुश यांची फ्लोरिडातली अंतिम आघाडी ५३७ मतांची होती. छिद्र पाडायच्या मतपत्रिकांवर अर्धवट लोंबणारे कागदाचे तुकडे, दोन्ही पानांवर नावं छापलेल्या ‘फुलपाखरू’ मतपत्रिकेमुळे चुकलेल्या खुणा, काउंटीगणिक (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मोजण्याचे वेगळे निकष, आणि अखेर १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा ५ विरुद्ध ४ असा फेरमोजणी थांबवणारा निकाल. छत्तीस दिवस. पण उरलेल्या राज्यांना त्यात पडावं लागलं नाही.

याला नेहमीचं उत्तर असं की देशभरच्या कोट्यवधी मतांत आघाडी इतकी बारीक राहणं दुर्मीळ आहे. गणिताने ते बरोबर आहे. पण दुर्मीळ म्हणजे अशक्य नाही. १९६० मध्ये जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांच्यातला फरक सुमारे ६ कोटी ८८ लाख मतांत १ लाख १३ हजारांच्या आसपास होता. हाही आकडा पक्का नाही, आणि त्याचं कारण फार शिकवणारं आहे. अलाबामात त्या वर्षी मतदार ११ इलेक्टरांना एकेक करून मत देत. डेमोक्रॅटिक यादीतले ५ केनेडींना बांधील होते आणि ६ कोणालाच नाही. त्या सहांनी शेवटी सिनेटर हॅरी बर्ड यांना मत दिलं. मग त्या यादीला पडलेली तीन लाखांहून जास्त मतं केनेडींची धरायची का? रुढ मोजणीत धरतात. ती ५ आणि ६ या प्रमाणात वाटली, तर देशभरात निक्सनच पुढे निघतात. म्हणजे केनेडींनी लोकमत जिंकलं की नाही, हे एका राज्याची मतपत्रिका कशी वाचायची यावर अवलंबून राहतं.

देशभरच्या मतांचा जो आकडा आपण बिनधास्त वापरतो, तो कायद्याने कोणीच जाहीर करत नसतं. पन्नास राज्यं आणि राजधानी आपापल्या कायद्याने मोजतात आणि आपण बेरीज करतो. आज त्या बेरजेवर काहीच अवलंबून नाही, म्हणून ती ढिली असली तरी चालते. उद्या तिच्यावर अध्यक्षपद ठरणार असेल तर पहिली अडचण फेरमोजणीची येईल. फ्लोरिडा आणि पेनसिल्व्हेनियात फरक अर्ध्या टक्क्याच्या आत आला की फेरमोजणी आपोआप होते, पण हा अर्धा टक्का त्या राज्यातल्या फरकाचा. देशात फरक ०.१ टक्का असेल आणि राज्यात ३० टक्के, तर त्या राज्याच्या कायद्यानुसार फेरमोजणीचं कारणच उभं राहत नाही. हरलेला उमेदवार कोणत्या न्यायालयात, कोणत्या कलमाखाली जाणार? दुसरी अडचण पसंतीक्रमाच्या मतदानाची. मेन राज्यात अध्यक्षपदासाठीही मतदार पहिली, दुसरी पसंती लिहितात. बेरजेत पहिल्या फेरीचे आकडे घ्यायचे की शेवटच्या? लहान पक्षांची मतं कुठे जातात ते यावर ठरतं. तिसरी, मतदार कोण हेच राज्यागणिक बदलतं. शिक्षा भोगलेल्यांना कुठे लगेच हक्क परत मिळतो, कुठे वर्षानुवर्षं नाही. आज याचा परिणाम त्या राज्यापुरता राहतो, कारण राज्याचे इलेक्टर ठरलेले असतात, मतदान कितीही होवो. थेट पद्धतीत जास्त मतदार नोंदवणाऱ्या राज्याचं वजन वाढेल. मला हे स्वागतार्ह वाटतं, पण यातून नियमांवरून राज्याराज्यांत भांडणं होणार हे आधीच धरून चालायला हवं.

बदलाच्या वाटा तीन-चार आहेत. मतदारसंघनिहाय इलेक्टर, म्हणजे मेन-नेब्रास्काची रीत देशभर, ही सर्वांत वाईट. २०१२ मध्ये बराक ओबामा सुमारे ५० लाख मतांनी जिंकले. ही रीत असती तर मिट रॉम्नी यांना २२६ मतदारसंघ आणि २४ राज्यांचे दोन-दोन धरून २७४ मिळाले असते, ओबामांना २६४. मतदारसंघांच्या सीमा पक्ष आपल्या सोयीने आखतात, आणि तीच कात्री मग अध्यक्षपदाला लागते. मतांच्या प्रमाणात इलेक्टर वाटणं ऐकायला बरं वाटतं. पण तिसऱ्या पक्षाने थोडे खाल्ले की २७० कोणालाच मिळत नाहीत आणि निवड पुन्हा ‘एक राज्य एक मत’वाल्या प्रतिनिधिगृहात जाते. शिवाय एकट्या राज्याने हे केलं तर ते आपलंच वजन घालवतं. कोलोरॅडोच्या मतदारांनी २००४ मध्ये असा प्रस्ताव फेटाळला तो उगीच नाही.

प्रतिनिधिगृह मोठं करणं ही साधी, कायद्यानेच होणारी दुरुस्ती. ४३५ हा आकडा १९१३ पासूनचा, तेव्हाची लोकसंख्या दहा कोटींच्या आत होती. जागा वाढवल्या तर राज्यांच्या वजनातली तफावत कमी होईल. मी याच्या बाजूने आहे, पण वरच्या वजाबाकीने दाखवलंच आहे की २०१६ सारखा निकाल याने थांबत नाही.

घटनादुरुस्ती हा सरळ मार्ग, आणि तो एकदा हाताशी आला होता. १९६८ मध्ये तिसऱ्या पक्षाचे उमेदवार जॉर्ज वॉलेस यांनी पाच राज्यं आणि ४६ इलेक्टर घेतले तेव्हा दोन्ही पक्ष हादरले. निवड प्रतिनिधिगृहात गेली असती तर वॉलेस सौदा करायला बसले असते. १८ सप्टेंबर १९६९ रोजी प्रतिनिधिगृहाने थेट निवडणुकीची दुरुस्ती ३३८ विरुद्ध ७० मतांनी मंजूर केली. तिच्यात किमान ४० टक्क्यांची अट होती; कोणालाच तेवढी मतं नसतील तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. निक्सन यांचाही पाठिंबा होता. १९७० मध्ये सिनेटमध्ये मुख्यतः दक्षिणेतल्या सदस्यांनी चर्चा लांबवून ती अडवली. चर्चा थांबवण्याच्या ठरावाला ५४ विरुद्ध ३६ मतं पडली, दोनतृतीयांश भरली नाहीत. १९७९ मध्ये पुन्हा मतदान झालं, ५१ विरुद्ध ४८. त्यानंतर नाही. आज दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश आणि ३८ राज्यांची मंजुरी लागेल. १३ राज्यं नाही म्हणाली की संपलं.

म्हणून २००७ मध्ये मेरीलँडपासून आंतरराज्य करार सुरू झाला. सामील राज्यांनी आपले इलेक्टर देशभरच्या विजेत्याला द्यायचे, पण सामील राज्यांची बेरीज २७० झाल्यावरच. २०२४ मध्ये मेन आल्यावर १७ राज्यं आणि राजधानी मिळून २०९ झाले. सगळी डेमोक्रॅटिककडे झुकलेली, आणि हीच त्याची कमजोरी. २०२४ मध्ये ट्रम्प यांना देशभरातही सर्वाधिक मतं मिळाली. करार लागू असता तर कॅलिफोर्नियाचे ५४ आणि न्यूयॉर्कचे २८ इलेक्टर त्यांना द्यावे लागले असते. तिथल्या विधिमंडळांवर त्या नोव्हेंबरात केवढा दबाव आला असता याची कल्पना करून पाहा. करारात यासाठी कलम आहे: अध्यक्षाच्या मुदतीचे सहा महिने किंवा कमी उरले असताना, म्हणजे २० जुलैनंतर, घेतलेली माघार नवा अध्यक्ष येईपर्यंत लागू होत नाही. ते न्यायालयात टिकेल का, आणि राज्यांच्या करारांना काँग्रेसची संमती लागते हे पहिल्या अनुच्छेदातलं कलम इथे लावायचं का, यावर घटनातज्ज्ञांत एकमत नाही.

करारात फेरमोजणीची तरतूद नाही. दुसऱ्या राज्याने इलेक्टरांच्या बैठकीच्या सहा दिवस आधीपर्यंत दिलेला अधिकृत आकडा अंतिम मानायचा, एवढंच आहे. करारात नसलेल्या राज्याने मुद्दाम उशीर केला, किंवा १९६० च्या अलाबामासारखी मतपत्रिका छापली, तर सामील राज्यांच्या हातात फार काही नाही. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांनी संसदेवर केलेल्या हल्ल्यानंतर असा डाव कोणी खेळणार नाही असं म्हणण्याचं धाडस मला होत नाही. त्या निवडणुकीत सात राज्यांतून बनावट इलेक्टरांची कागदपत्रं पाठवली गेली होती. २०२२ च्या सुधारित कायद्याने उपाध्यक्षाची भूमिका निव्वळ औपचारिक असल्याचं लिहून ठेवलं, आणि इलेक्टरांच्या मतांवर घ्यायच्या आक्षेपाला दोन्ही सभागृहांतल्या एकपंचमांश सदस्यांच्या सह्या आवश्यक केल्या. आधी प्रत्येक सभागृहातला एकेक सदस्य पुरत असे. पण हा कायदा इलेक्टरांचं रक्षण करतो. देशभरच्या बेरजेचं रक्षण करणारा कायदा अजून लिहिलेला नाही.

करार २७० ला पोचण्याआधी काँग्रेसने त्याला संमती द्यावी आणि त्याच कायद्यात या गोष्टी घालाव्यात असं मला वाटतं: सर्व राज्यांनी आकडे प्रमाणित करण्याची एकच तारीख, मतपत्रिकेवर अध्यक्षपदाच्या उमेदवाराचंच नाव, पसंतीक्रमाच्या राज्यांनी कोणत्या फेरीचे आकडे कळवायचे याचा एक नियम, आणि देशभरचा फरक ठरावीक मर्यादेच्या आत आला की प्रत्येक काउंटीत आपोआप फेरमोजणी, संघराज्याच्या खर्चाने. काउंट्या तीन हजारांहून जास्त आहेत. इलेक्टरांची बैठक निवडणुकीनंतर साधारण सहा आठवड्यांनी असते. त्यात मोजणी, फेरमोजणी आणि न्यायालयीन दावे बसवायचे तर डिसेंबरची तारीख पुढे ढकलावी लागेल, आणि ते काँग्रेसला साध्या कायद्याने करता येतं. ६ जानेवारी हीसुद्धा कायद्याने ठरलेली तारीख आहे. घटनेने बांधलेला आहे तो फक्त २० जानेवारीचा दिवस.